चिन्नीचा खरा वाढदिवस

नल्लकुंटा, हैदराबाद
८ जुलै १९९६

प्रिय गीता,
सप्रेम जयभीम.

तू औरंगाबादला सुखरूप पोहोचलीस हे तारामावशीच्या कार्डावरून कळलं. कार्ड तिचं, अक्षर तिचं, खाली तुझी साधी सहीसुद्धा नाही. बावीस वर्षांची झालीस, पण आईवर रुसायची तऱ्हा अजून बालवाडीतलीच आहे.

'फोनवर आई मला बोलूच देत नाही, काय सांगायचं ते तिला लिहू दे,' असं तू जाताना बाबांना सांगितलंस म्हणे. म्हणून लिहिते आहे. तुझे बाबा टेलिफोन खात्यात, घरात फोन, गल्लीच्या दोन्ही तोंडांना एसटीडी बूथ झालेत, आणि मी पोस्टात रांग लावून इनलँड पत्र आणते. खिडकीतला माणूस म्हणाला, "क्या अम्मा, घर में फोन नै है क्या?" मी म्हटलं, फोन आहे, लेक नाही. त्यानं इनलँड पुढं सरकवलं.

तुझा ओव्हन आहे तिथंच आहे. धूळ बसते म्हणून त्यावर माझी जुनी साडी टाकली. बाहेरचा 'गीताज केक्स'चा बोर्ड बाबा उतरवणार होते. मी उतरवू दिला नाही. आज ड्यूटीवरून येताना बघितलं तर त्यावर कोणीतरी टायपिंग क्लासची जाहिरात चिकटवली होती. नखांनी खरवडून काढली, त्यात तुझ्या नावातल्या एका अक्षराचा रंग गेला.

आता मुद्द्याचं. मी काय चोरी केली गं? सांग ना. बी. कॉम. झालीस, सरकारी जागा निघेनात, बँकेच्या जाहिरातीची वाट बघून बघून तू कंटाळलीस. केबलवर बघून म्हणालीस, आता घरोघरी केक कापतात, मी केक करून विकणार. मी नाही म्हटलं का? पी.एफ.मधून तो गोल, वर झाकणाचा ओव्हन घेऊन दिला. आणि मग दारात खुर्ची टाकून तू बसायचीस. माणूस रस्त्यावरून गेला की ओढणी सावरून सरळ व्हायचीस, तो पुढं गेला की परत वाकायचीस. मी खिडकीतून बघायचे. माझ्याच्यानं ते बघवलं नाही. म्हणून समोरच्या सरोजम्माला म्हटलं, तुझ्या चिन्नीचा वाढदिवस कर, केकचे पैसे मी देते, फक्त पोरीसमोर नावं ठेवू नकोस. तेवढंच.

बरं, तेवढंच नाही. वॉर्डातल्या शाहीन सिस्टरलाही सांगितलं. पुढं पुढं ती बिचारी म्हणायला लागली, "मेरे मियाँ की सालगिरह हो गई ना पिछले महिने, अब किसकी करूं?" आणि चिन्नीला वर्षात तीन वाढदिवस आले. पण तू किती खुश होतीस! रात्री बाबांना आकडे सांगताना तुझं तोंड कसं दिसायचं ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. त्या तोंडासाठी मी अख्ख्या गल्लीचे वाढदिवस केले असते.

बरकतपुऱ्याच्या हॉलमध्ये जे झालं ते वाईट झालं. लोकांच्या साखरपुड्याचा तीन मजली केक, वरचा मजला खालच्यात रुतला, सुरी घातली तर आत कच्चं पीठ. मान्य. पण नवऱ्या मुलाच्या आत्याला चार लोकांत बोलायची काही रीत? "इत्ते लोगां खाए बोलते, एक बी नै बोला क्या अंदर कच्चा है करके?" तू ते वाक्य घरी येऊन माझ्यासमोर तीनदा म्हणालीस. आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन एकेका गिऱ्हाइकाला विचारायला निघालीस. पहिलंच घर सरोजम्माचं. आणि ती चिन्नी, मोठ्ठे डोळे करून, "अक्का, मेरा हॅपी बर्थडे फिर से कब है?"

असो. अंडी आता आपल्याकडं फार उरतात. बाबा रोज आम्लेट खातात आणि मला दोष देतात.

स्वेटर विसरलीस. पाठवू का?

तुझी आई


नल्लकुंटा
२५ जुलै १९९६

प्रिय गीता,

तारामावशीचं पत्र काल आलं. तू बेकरीत कामाला लागलीस म्हणे. एकनाथराव म्हणून कोणी मालक आहेत, गुलमंडीच्या मागं भट्टी आहे, आणि तू तिथं ट्रे घासतेस. ट्रे! ज्या मुलीनं घरी चहाचा कप विसळला नाही, कारण मी विसळू दिला नाही, ती मुलगी पहाटे उठून लोकांचे ट्रे घासते, हे वाचून मला घास गेला नाही. वॉर्डात एका बाळंतिणीवर उगीच ओरडले. मग जाऊन तिची माफी मागितली.

तुझ्या बाबांना पत्र दाखवलं तर ते हसले. म्हणाले, "मालन, दुसऱ्यांच्या पोरांना तू पापणी न हलवता सुया टोचतेस. आपल्या पोरीच्या हाताला राख लागली तर एवढं काय?" मी म्हटलं, ती पोरं रडली तर त्यांच्या आया घेतात. ही रडली तर कोण घेणार? ते म्हणाले, "बावीस वर्षांची आहे." या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

मालक बरा माणूस आहे ना? हात भाजला तर घरात मलम आहे का? मावशीला म्हणावं बर्नॉल नको, आधी थंड पाण्याखाली धर, दहा मिनिटं. मी नर्स आहे, माझं एवढं तरी ऐक.

तुला एक सांगायचं होतं, पण ते नंतर लिहीन. फार काही नाही. मी फक्त विचारपूस केली.

तुझी आई


नल्लकुंटा
१९ ऑगस्ट १९९६

गीता,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या दिवसांनी तुझं अक्षर बघून आधी आनंद झाला, मग वाचलं.

'आई, एकनाथरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुझी आई नर्स आहे का, फोन आला होता, म्हणाली पोरगी नाजूक आहे, ट्रे घासायला लावू नका. सगळे हसले. पुन्हा फोन केलास तर ही बेकरी सोडीन आणि नवा पत्ता मावशीलाही देणार नाही.'

बरं. नाही करत. चूक झाली असं मी म्हणणार नाही, कारण मला अजून तसं वाटत नाही. पण करणार नाही. तू सोडून जाईन म्हणतेस तेव्हा खरंच जातेस, हे मला आता कळलं आहे.

त्या दिवशी भांडताना तू म्हणालीस, बुद्धजयंतीच्या लिंबू-चमच्यातसुद्धा तू कणकेनं लिंबू चिकटवलंस, मला कधी एक लिंबू पाडू दिलं नाहीस. हो, चिकटवलं. तू सहा वर्षांची होतीस, नवा फ्रॉक घातला होता, आणि आदल्या वर्षी लिंबू पडल्यावर विहारात माझ्या मांडीत डोकं घालून रडली होतीस. पण केकचं त्याहून वेगळं होतं. ते मी तुला सांगितलं नाही, आज सांगते. तोंडावर नसतं सांगता आलं.

तुला वाटतं माझा तुझ्यावर विश्वास नव्हता. मला लोकांवर नव्हता. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा पहिल्या पौर्णिमेला मी खीर केली आणि त्या टोकाच्या घरी वाटीभर पाठवली. ते लोक आता राहत नाहीत तिथं. वाटी तासाभरात घासूनपुसून परत आली, वर बाई गोड हसल्या. संध्याकाळी त्यांच्या मोरीजवळ बघितलं तर खीर पडलेली, त्यावर मुंग्या. तेव्हापासून मी कोणाकडं शिजवलेलं काही पाठवलं नाही. आणि तू तर दारावर बोर्ड लावून बसलीस. दार उघडं, आत समोरच्या भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. पहिले काही दिवस कोणी फिरकेना तेव्हा मला ती वाटीच दिसायला लागली. म्हटलं, हे माझ्या पोरीला कळू नये. कधीच कळू नये. म्हणून मी गिऱ्हाइकं आणली.

आता तुझं उत्तरही मला माहीत आहे. तू घर सोडताना दारात चप्पल घालता घालता म्हणालीस, 'कोण येत नाही आणि का येत नाही, ते मला माझं बघू द्यायचं होतंस.' मला राग आला होता. अजून आहे. पण कामावर असले की मधेच ते वाक्य आठवतं आणि मी सलाईन लावायचं सोडून उभी राहते.

तारामावशीला काही विचारू नकोस, पण तुला माहीत असावं. ती मॅट्रिकला गणितात गेली. एकदाच. आमच्या आप्पांनी तिची पुस्तकं माळ्यावर टाकली आणि उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. मी तेव्हा आठवीत होते. त्या दिवसापासून मी भीतीनं पास होत गेले. आमच्या घरात नापास व्हायची सोयच नव्हती, बाई. तुला ते सगळं नको म्हणून मी करत आले. यात वाईट हेतू कुठं आहे ते दाखव.

तुझी आई


१ सप्टेंबर

गीता,

तू मावशीला विचारलंस. विचारू नकोस लिहिलं होतं तरी. आणि तिचं उत्तर मला कार्डावर लिहून पाठवलंस, खाली एक ओळ स्वतःची नाही.

'तारामावशी म्हणते, नापास झाले त्याचं काही नाही गं. परत बसू दिलं नाही, ते अजून लागतं.'

इतकी वर्षं ती मला हे कधी बोलली नाही. मी तिला कधी विचारलं नाही. दर दिवाळीला साडी पाठवत राहिले.

आज एवढंच. मला बसवत नाही.

आई


नल्लकुंटा
२४ सप्टेंबर १९९६

प्रिय गीता,
सप्रेम जयभीम.

बाबा पोहोचले असतील. 'बाबांनी यावं, एकट्यानं यावं,' असं तू लिहिलंस. एकट्यानं या शब्दाखाली रेघ मारायची गरज नव्हती. मला मराठी वाचता येतं.

काचीगुडा स्टेशनवर काय झालं ते बाबा सांगतीलच, आणि हसून सांगतील, म्हणून मीच सांगते. मी त्यांना सोडायला गेले होते. हातात एक पिशवी होती. त्यात तुझा स्वेटर, शंकरपाळे, आणि माझ्या दोन साड्या. साड्या का घेतल्या असं मला विचारू नकोस. बाबांचं सामान ठेवायला डब्यात चढले, आणि खिडकीजवळची जागा रिकामी होती, बसले. बाबांनी माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. म्हणाले, "मालन, उतर."

मी म्हटलं, तिकीट काढीन ना टीसीकडून. त्यात काय?

"तू आलीस की ती तुझ्याशीच भांडत बसेल. मला काही सांगणार नाही. उतर."

समोर बसलेली एक तेलुगू बाई आमच्याकडं टक लावून बघत होती. तिला वाटलं असेल नवऱ्यानं बायको टाकली. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा मी उतरले. पिशवी डब्यातच राहिली. म्हणजे माझ्या दोन साड्या आत्ता तुझ्या मावशीच्या घरी आहेत. तिला म्हणावं, निळी तू नेस.

स्टेशनवरून रिक्षा केली नाही. चालत आले. घरी आल्यावर काय करावं कळेना. कपडे घडी केले, परत उलगडले, परत केले. मग ओव्हनवरची साडी काढली आणि केक करायला घेतला. हसू नकोस. तुझ्या मापानं, तुझ्या त्या हिरव्या वाटीनं. आयुष्यात पहिल्यांदा केला. तू करायचीस तेव्हा मी कामं टाकून येऊन 'फुगला का गं' म्हणून झाकण उचलून बघायचे ना, तसंच काल माझं चाललं होतं. पाच-पाच मिनिटांनी बघत होते. कडेनं फुगला, मधे बसला, अगदी तुझ्यासारखा. विणकामाची सुई घातली तर ओली बाहेर आली.

सरोजम्माकडं द्यायला निघाले होते. दारातून परत फिरले.

तुझ्या पहिल्या केकचं आज तुला खरं सांगायचं तर तो मला गिळवत नव्हता. मी पाण्याचा तांब्या मागं ठेवून खाल्ला होता आणि 'फक्कड झालाय' म्हणाले होते. तू लगेच दुसरा तुकडा दिलास. तोही खाल्ला.

बाबांना लवकर पाठव. घर खायला उठतं.

तुझी आई


नल्लकुंटा
२६ ऑक्टोबर १९९६

प्रिय गीता,
सप्रेम जयभीम.

बाबा रजा वाढवून वाढवून अखेर परवा आले. धम्मचक्र दिनाला विहारात मी एकटीच गेले, सगळ्यांनी विचारलं, तिघांतली दोघं कुठं? मी म्हटलं, बाहेरगावी. बाबांच्या हातात तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, सुतळीनं बांधलेला. पायातले बूट न काढता त्यांनी तो माझ्यापुढं ठेवला. "पोरीनं पाठवलंय. म्हणाली, आईला म्हणावं खा आणि खरं लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल."

मी डबा उघडला नाही. आधी त्यांना जेवायला वाढलं आणि विचारत बसले. कशी दिसते, वाळली का, केस कापलेत का. ते सावकाश जेवत होते. मग म्हणाले, एक दिवस मी तिच्या बेकरीबाहेर बाकावर बसलो होतो. आतलं सगळं दिसत होतं. गीतानं पहिल्यांदाच एकटीनं स्पंजचा घाणा लावला होता, गिऱ्हाइकाच्या ऑर्डरचा. भट्टीतून ट्रे काढले तर सगळे मधे बसलेले. एकनाथरावांनी एक तुकडा मोडून बघितला आणि सगळ्यांदेखत ट्रे बादलीत उपडे केले. "हे गिऱ्हाइकाला द्यायचं? परत लाव. आज घरी उशिरा जाशील."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"बाकावर बसलो होतो."

"बसून राहिलात?"

"हात मांडीखाली धरून बसलो होतो, मालन. तुला काय वाटतं, मला उठावंसं वाटलं नाही?"

मग ते सांगायला लागले की तू रडशील असं त्यांना वाटलं. तू मोरीवर गेलीस, पाठमोरी होतीस, रडलीस का ते त्यांना दिसलं नाही. ट्रे घासलेस, पुसलेस, मैदा परत मोजायला घेतलास. दुसरा घाणा भट्टीत गेला तेव्हा तू भट्टीसमोर उभी राहिलीस आणि दोन्ही हात मागं बांधलेस. संध्याकाळी चालत घरी जाताना तू त्यांना म्हणालीस, "बाबा, भट्टीचं दार मीच उघडलं होतं. फुगायच्या आधी उघडलं की बसतो. आपल्याकडं आई झाकण उचलून बघायची ना, मला वाटायचं असंच करतात." आणि हसलीस. तू हसलीस हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी ताट तसंच टाकून उठले आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. मला इतकी लाज वाटली आणि इतकं हसू आलं की कशाला आधी जागा द्यावी कळेना. वर्षभर तुझे केक बसत होते ते माझ्या हातानं, आणि ते बसलेत हे तुला कोणी सांगू नये याची तजवीजही मीच केली होती. बरकतपुऱ्यातल्या त्या आत्याला मी इतके दिवस मनातल्या मनात शिव्या देत होते. तिनं एका वाक्यात जे तुला दिलं ते मी वर्षभर तुझ्यापासून लपवत होते.

तर केक.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्यात लिहिलं होतं, 'फक्कड झालाय.' फाडलं. दुसऱ्यात लिहिलं, 'बरा आहे, प्रवासात थोडा दबला असेल.' तेही फाडलं. बाबा पेपरच्या आडून बघत होते.

आता ऐक. तुझा केक खालून करपलाय. बोटाच्या पेराएवढा थर काळा आहे, तो मी सुरीनं काढला. वेलची फार झाली आहे, मैद्याची चवच लागत नाही. कडा कडक आहेत. बाजारात ठेवला तर मी विकत घेणार नाही.

लिहिलं. तू हे तिथं वाचशील, तुझं तोंड उतरेल, आणि मी जवळ नसेन. मावशी शेजारी बसेल का? नको, तिला सांगू नको बसायला. तू तुझी बस.

आणि हेही खरंच आहे म्हणून लिहिते, तुला बरं वाटावं म्हणून नाही. मधे बसलेला नाही. सुई कोरडी बाहेर आली. मी सुई घेऊन तपासलं, बाबा साक्षीला आहेत. एक तुकडा खाल्ला, मग तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी दुसरा घेतला. पाणी लागलं नाही.

खूप आठवण येते गं. तू दिवाळीला येशील असं मला वाटतं, पण ये म्हणणार नाही. ऑर्डरी असतील तुमच्याकडं. तुझं तुला वाटेल तेव्हा ये. ओव्हन पुसून ठेवला आहे.

एक राहिलं. चिन्नीचा खरा वाढदिवस डिसेंबरात आहे. सरोजम्मा काल फाटकाशी आली होती. म्हणाली, "गीता वापस आई तो केक बनाती क्या? पर वो पैलेवाले सरीका नक्को, मालनम्मा, बुरा मत मानो. और पैसे इस बार मैं देती." माझ्या तोंडावर म्हणाली. माझ्या जिभेवर आलं होतं की हो, करेल की, सुरेख करेल, मी सांगते तिला. गिळलं. तिला म्हटलं, मला विचारू नकोस, तिलाच विचार. आणि तुझा पत्ता लिहून दिला. ती तुला लिहील किंवा लिहिणार नाही. तू हो म्हणशील किंवा नाही म्हणशील. केक फुगेल किंवा बसेल. चिन्नीला मात्र तिच्या आईनं सांगून ठेवलंय, या वेळी जे वाटेल ते खरं बोलायचं.

मी मधे पडणार नाही. हे वाक्य लिहून मी दोनदा उठले, अंगणात फेऱ्या मारून आले, पेन परत हातात घेतलं. पण खोडलं नाही.

तुझी,
आई